धूर तुमचा, गायरान आमचं

(इटियाडोह येथील युवक शिबिरात केलेलं भाषण)



मला 'कार्बनचा व्यापार' या विषयावर बोलायला सांगितलंय. विषय ऐकून काही पोरं म्हणतील, हा आपला विषय नाही, हा विमानात बसणाऱ्यांचा. विमानात बसणारे दुसरे आहेत हे खरं. पण त्यांनी हवेत सोडलेला धूर पुसायला जी जमीन लागते ती मलबार हिलवर नाही, लंडनमध्येही नाही. ती गावाच्या कडेला आहे, गायरानात आहे, जंगलाच्या काठाला आहे. म्हणजे जिथे आपली माणसं राहतात तिथे. म्हणून हा विषय आपला आहे. दुसऱ्या कुणी येऊन तो आपल्याला गोड शब्दांत समजावून सांगण्याच्या आत आपणच तो समजून घेतला पाहिजे.

धंदा असा आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळलं की कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. त्यातला बराच भाग शेकडो वर्षं हवेत राहतो, काही तर हजारो वर्षं. त्याने पृथ्वी तापते. हे खोटं नाही. विदर्भातल्या मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला कोण जातं, रोजगार हमीच्या मातीकामावर कोण असतं, हे तुम्ही जाणता. तापलेल्या पृथ्वीचा पहिला चटका त्याच पाठींवर बसतो. मग जाळणाऱ्याने काय करावं? जाळणं कमी करावं. पण तो म्हणतो, माझं विमान चालू राहील, माझा एसी चालू राहील, मी पैसे देतो. त्या पैशात कुठेतरी कुणीतरी झाड लावेल, कुणाची तरी चूल बदलेल. जेवढा माझा धूर तेवढा तिकडे कमी. वजाबाकी झाली, बाकी शून्य, मी स्वच्छ. इंग्रजीत याला ऑफसेट म्हणतात. आपण भरपाई म्हणू.

या मालाचं माप टन. टन म्हणजे काय हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मी गोदीत काम करतो. टन म्हणजे पन्नास किलोची वीस पोती. टन पाठीला कळतो, मानेला कळतो. गोदीत माल उतरला की टॅली क्लार्क मोजतो. एक पोतं कमी भरलं तर मुकादमापासून वरपर्यंत बोंबाबोंब होते. कार्बनचा टन मात्र कुणाच्या पाठीवर चढलेला नाही, कुठल्या धक्क्यावर उतरलेला नाही. तो 'न सुटलेल्या' धुराचा टन आहे. त्यालाही मोजणारे आहेत, शिक्के आहेत, प्रमाणपत्रं आहेत. पण त्या मोजणाऱ्याची फी देतो कोण? ज्याला माल विकायचाय तोच. विकणाऱ्याच्या पैशावर जगणारा टॅली क्लार्क पोती कमी मोजेल की जास्त, हे गोदीतलं शेंबडं पोरही सांगेल.

भाव ऐका. मुंबई ते लंडन जाऊन-येऊन एका माणसाच्या वाट्याला साधारण एक टन धूर येतो. काही हिशेब त्याच्या दुप्पट सांगतात. आणि २०२३ साली या ऐच्छिक बाजारात एका टनाचा सरासरी भाव होता सहा-सात डॉलर. म्हणजे साडेपाचशे रुपयांच्या आसपास. तिकीट हजारोंचं आणि पापमुक्ती साडेपाचशेत. एका मजुराच्या एका हजेरीएवढी.

एवढ्या स्वस्तात शुद्ध व्हायची ही विद्या नवी नाही. युरोपात पोपची माणसं पापमुक्तीच्या चिठ्ठ्या विकायची. त्याविरुद्ध १५१७ साली मार्टिन ल्यूथर उभा राहिला. पण आपल्याला इतक्या लांब जायची गरज काय? २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले, पाणी प्याले. त्यानंतर सवर्णांनी काय केलं? शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे १०८ घडे तळ्यात ओतले, मंत्र म्हटले आणि तळं शुद्ध झालं असं जाहीर केलं. विटाळ कशाचा झाला हे तेच ठरवणार, शुद्धी किती घड्यांत होते हेही तेच ठरवणार, दक्षिणाही तेच घेणार. आज साहेबाच्या धुराची शुद्धी किती झाडांत होते, किती चुलींत होते, हे याच रीतीने ठरतंय. फरक एवढाच की महाडला घाण नव्हती आणि शुद्धी झाली. इथे घाण खरी आहे आणि शुद्धी खोटी आहे.

खोटी का म्हणतो? चार गोष्टी सांगतो. चारही उघड झालेल्या आहेत.

पहिली. कोल्डप्ले नावाचा इंग्रज वाद्यवृंद आहे. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत त्याचे कार्यक्रम झाले. मुंबईची पोरं तिकिटासाठी वेडी झाली होती. गाणं ऐकावं, माझं काही म्हणणं नाही. या दौऱ्यात प्रत्येक तिकिटामागे एक झाड, असं त्यांचं वचन आहे. आता मागचं ऐका. २००२ साली याच मंडळींच्या एका अल्बमचा धूर भरून काढायला कर्नाटकातल्या गुडीबंडे भागात दहा हजार आंब्याची रोपं लावायचं ठरलं होतं. चाहत्यांनी साडेसतरा पौंड द्यायचे, एक रोप आपल्या नावावर करायचं. २००६ साली लंडनच्या एका वर्तमानपत्राचा माणूस तिथे गेला. बरीच रोपं मेली होती. दुष्काळी मुलूख, विहीर ज्याची त्याचीच झाडं जगणार. रोप मिळालं, पाणी घालायला पैसा मिळाला नाही, असं तिथले गरीब शेतकरी सांगत होते. गाणं विकलं गेलं, धूर हवेत राहिला, झाड वाळलं. आता ही मंडळी दौऱ्यात वीज वाचवतात, धूर कमी करतात असं सांगतात. तेवढं केलं असेल तर चांगलंच. धूर कमी करणं हे काम आहे. झाडाची पावती हे काम नाही.

दुसरी. २००७ साली इंग्लंडमधल्या क्लायमेट केअर या कंपनीची हकिकत तिथल्या पेपरात आली. विमानाने फिरणाऱ्यांकडून पैसे घ्यायचे आणि भारतातल्या गरीब शेतकऱ्यांना पायाने चालवायचे पंप पुरवायला मदत करायची. डिझेलचा पंप बंद, माणूस तासन् तास पायडल मारणार. पंप वाईट नाही. ज्याला डिझेल परवडत नाही त्याच्या शेताला पाणी मिळत असेल तर तो त्याने जरूर वापरावा. पण हिशेब बघा. वरचा माणूस आकाशात डिझेलचा भाऊ जाळतोय आणि ते न जाळण्याचं काम खालच्या माणसाच्या पोटऱ्या करताहेत. आणि त्या घामाचं पुण्य विमानातल्याच्या खात्यावर जमा. वेठबिगारीला आपल्याकडे नावं होती. हिला अजून मराठीत नाव पडलेलं नाही.

तिसरी. आपल्या मायबहिणींची चूल. सुधारित चुली वाटायच्या, लाकूड कमी जळालं म्हणायचं आणि तो वाचलेला धूर विकायचा, हा मोठा धंदा झालाय. २०२४ साली नेचर सस्टेनॅबिलिटी या नियतकालिकात संशोधकांनी या चुलींचा हिशेब तपासला. खऱ्या बचतीच्या सुमारे नऊपट विक्री झाल्याचं त्यांना आढळलं. नऊ पोती कागदावर, एक पोतं धक्क्यावर. गोदीत असं केलं असतं तर पोलीस आले असते.

चौथी या जिल्ह्याजवळची आहे. १९९७ च्या क्योटो करारातून 'स्वच्छ विकास यंत्रणा' निघाली. श्रीमंत देशांनी गरीब देशांतल्या स्वच्छ कामांना पैसा द्यावा आणि त्यांचा धूर आपल्या हिशेबातून वजा करावा, अशी ती यंत्रणा. तिच्या यादीत २००९ साली गुजरातमधल्या मुंद्र्याचा वीज प्रकल्प आला. प्रकल्प कोळशाचा! युक्तिवाद असा की जुन्या पद्धतीने जाळला असता तर आणखी कोळसा लागला असता. त्याच सुपरक्रिटिकल पद्धतीचं, ३,३०० मेगावॉटचं केंद्र आपल्या गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला उभं आहे. त्याचा धूर ज्यांना दिसतो त्यांना विचारा, स्वच्छ म्हणजे काय.

दोस्तांनो, या चारही गोष्टींच्या पोटात एकच शब्द आहे: 'असतं'. झाड तोडलं गेलं असतं. चूल जास्त जळली असती. कोळसा जास्त लागला असता. जे झालंच नाही त्याची किंमत लावायची. आणि 'असतं' मोठं दाखवलं की माल वाढतो. जंगल विकायचं असेल तर आधी सिद्ध करावं लागतं की हे जंगल तुटणार होतं. मग तोडणारा कोण? कंपनी नाही, खाण नाही. कागदावर तोडणारा असतो मोळीवाला, शेळ्या चारणारा, मोहफूल वेचणारी बाई. २०२३ साली द गार्डियन आणि इतर पत्रकारांनी व्हेरा या जगातल्या सगळ्यात मोठ्या शिक्का मारणाऱ्या संस्थेची वर्षावनांची खाती उलगडली. नव्वद टक्क्यांहून जास्त क्रेडिट पोकळ असावीत असा त्यांचा निष्कर्ष होता. संस्थेने तो मान्य केला नाही. पण त्याच वर्षी तिचा मुख्य अधिकारी पायउतार झाला.

आता गुन्हेगार कोण ते बघा. ऑक्सफॅमने २०२० साली हिशेब मांडला. १९९० ते २०१५ या काळात जगातल्या वरच्या दहा टक्के लोकांनी निम्म्याहून जास्त धूर सोडला. खालच्या पन्नास टक्क्यांनी मिळून फक्त ७ टक्के. आपण काही जाळलंच नाही. आपल्या दारिद्र्यामुळे जे जळलं नाही, तेसुद्धा आता विकायला काढलंय. आणि विकणारे आपण नाही.

मूळ मुद्दा जमिनीचा आहे, तिथे येतो.

आपण इटियाडोह धरणाच्या काठी जमलोय. गाढवी नदीवर १९७० च्या सुमारास हे धरण झालं. याचं पाणी कालव्याने वडसा-आरमोरीकडच्या धानाला जातं. चांगली गोष्ट आहे, धान पिकलं पाहिजे. पण कालवा कुणाच्या बांधावर थांबतो? ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्या. धान रोवणारी बाई दिवसभर त्याच पाण्यात वाकलेली असते, पण पाणी तिच्या मालकीचं होत नाही, कारण शेत तिचं नाही. या देशात प्रत्येक फायदा सातबाऱ्याच्या वाटेने वाहतो. कार्बनचा पैसा आला तर तोही त्याच वाटेने वाहणार. ज्याची जमीन त्याचं झाड, ज्याचं झाड त्याचं क्रेडिट. भूमिहीनाला काय? खड्डे खोदायची मजुरी. आणि खड्डे भरले की तिथे शेळी चारायला बंदी.

'पडीक जमीन' हा शब्द या धंद्यात फार येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ग्रीन क्रेडिटचे नियम काढले. फेब्रुवारी २०२४ च्या पद्धतीत निकृष्ट झालेल्या वनजमिनीवर हेक्टरी किमान १,१०० झाडं आणि एका झाडाला एक क्रेडिट, असा हिशेब आला. जमीन निकृष्ट कुणासाठी? जिथे आपली जनावरं चरतात, जिथून सरपण येतं, जिथे कुणी दोन एकर कसून ज्वारी काढतो, ती साहेबाच्या नकाशावर रिकामी दिसते. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात जंगल खात्याने गायरानं गिळल्याची तक्रार आहे. १४० वर्षांपूर्वीची तक्रार आणि ती अजून मिटलेली नाही. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली लाखो भूमिहीन तुरुंगात गेले, ते याच पडीक जमिनीसाठी. १९९१ साली शासनाने निर्णय काढला की १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची गायरानावरची कसणूक नियमित करू. आणि २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे गायरानांचा प्रश्न आला तेव्हा राज्यभरची दोन लाखांहून जास्त अतिक्रमणं मोजली गेली. धनदांडग्यांचे बंगले त्यात असतील, ते जरूर पाडा. पण त्यात आपल्या माणसांच्या झोपड्या आणि काळ्या मातीचे तुकडेही आहेत.

वनहक्काचा कायदा २००६ साली झाला. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला हे त्यात संसदेनेच कबूल केलं. पण जंगलाकाठी राहणारा आपला माणूस त्यात 'इतर पारंपरिक वननिवासी' आहे. त्याला तीन पिढ्यांचं, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचं वास्तव्य सिद्ध करावं लागतं. १३ डिसेंबर २००५ च्या आधीची पंचाहत्तर वर्षं! म्हणजे १९३० सालचा पुरावा आण. तेव्हा आपल्या आज्याला शाळेच्या दारात उभं करत नव्हते, त्याच्या नावचा कागद कोण करणार? आणि इकडे कार्बनवाला सांगतो, हे झाड पुढची तीस वर्षं उभं राहील, त्याचा धूर आजच विका. त्याच्या न आलेल्या तीस वर्षांवर विश्वास ठेवला जातो. आपल्या जगून झालेल्या पंचाहत्तर वर्षांवर नाही. या एका तुलनेत सगळी व्यवस्था दिसते.

झाड लावलं म्हणजे जंगल झालं, हेही इथल्या माणसाला पटवून देऊ नका. १९७४ साली वन विकास महामंडळ स्थापन झालं. विदर्भात मोह, तेंदू, चारोळीचं मिश्र जंगल तोडून सागाच्या रांगा लावल्या गेल्या. उपग्रहाला दोन्ही हिरवं दिसतं. पण सागाखाली पोट भरत नाही. मोह एका कुटुंबाला उन्हाळ्यात जगवतो, साग तेवढा जगवत नाही.

आपल्यातलेच काही म्हणतील, भाऊ, पैसा गावात येतोय तर घ्यायला काय हरकत? तत्त्वज्ञानाने पोट भरत नाही. मी ऐकतो त्यांचं. गरिबाने पैसा नाकारावा असं मी सांगणार नाही, मी स्वतः हजेरीवर जगतो. झाडं लावायची असतील तर लावू, पूर्ण मजुरी घेऊन लावू, आपल्या कामाची झाडं लावू. पण मजुरी घेणं वेगळं आणि जमिनीवरचा हक्क तीस-चाळीस वर्षं लिहून देणं वेगळं. पैसा कसा घ्यायचा याचा दुसरा रस्ता शेजारीच आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हातात आला आणि गावाने आपला बांबू स्वतः विकला. मालकी आधी आली, विक्री नंतर. क्रम महत्त्वाचा आहे. कार्बनवाला हा क्रम उलटा करतो. विक्री आधी, मालकीचं नंतर बघू.

म्हणून शहरातल्या पोरांना माझं सांगणं आहे. दलित पँथरचा जाहीरनामा १९७३ सालचा आहे. त्यात दलित म्हणजे फक्त एक जात नव्हे. आदिवासी, भूमिहीन, कामगार, स्त्रिया सगळे त्यात धरलेत. तो जाहीरनामा आता गावातल्या करारांवर लावून बघा. तुमच्यातल्या प्रत्येकाचं गाव कुठेतरी आहे. तिथे कुणी बॅग घेऊन आला, कोरे कागद आणले, झाडं फुकट देतो म्हणाला, तर गावात कुणी अंगठा देण्याआधी जा आणि ग्रामसभेत उभं राहून विचारा:

जमीन कुणाच्या नावावर आहे, आणि कसतो कोण? करार किती वर्षांचा, आणि तो मराठीत का नाही? क्रेडिट कुणाच्या नावावर जमा होणार, आणि तू ते कुणाला, किती भावाने विकणार? झाड मेलं, वणवा लागला, तर तोटा कुणाचा? सरपण, चराई, मोह, तेंदू चालू राहणार की बंद? बायांना विचारलंस का? आणि शेवटचा सवाल: ज्याच्यासाठी हे चाललंय तो आपला धूर किती कमी करणार, ते लिहून देतोय का?

शेवटच्या सवालाला उत्तर मिळत नाही. उत्तर नसेल तर अंगठा नाही.

तुमच्याही हातात मोबाईल आहे, उद्या तुम्हीही विमानात बसाल. बसा. बाबासाहेब बोटीने अमेरिकेला गेले, लंडनला गेले, ज्ञान घेऊन आले. आपल्या पोरांनी फिरू नये असं म्हणणारा मी कोण? पण त्या चौकटीवर टिचकी मारून स्वतःला शुद्ध समजू नका. शुद्धीची भाषा आपली नाही. आपली भाषा हिशेबाची आहे. ज्याने जास्त जाळलं त्याने जाळणं कमी करावं, कर भरावा, आणि ज्यांना चटका बसतोय त्यांची भरपाई रोख करावी. आपल्या जंगलाआड त्याला लपू देऊ नका.

मागण्या साध्या आहेत. गायरान कसणाऱ्याच्या नावावर करा. पंचाहत्तर वर्षांची अट काढा. ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय एका झाडाचंही क्रेडिट विकू नका. आणि झाड लावणाऱ्या हाताला पूर्ण मजुरी द्या, ते झाड जगेपर्यंत.

चवदार तळ्यात १०८ घडे ओतणाऱ्यांना वाटलं, काम झालं. आपण डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा महाडला गेलो आणि मनुस्मृती जाळली. माझ्या माहितीत आपण जाळलेली मोठी वस्तू तेवढीच. तिच्या धुराची भरपाई आपण कुणाला देणं लागत नाही.

जय भीम.